पाठीचे फोटो

मे महिन्यात नागपुरात ब्लँकेट वाटणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. दरवर्षी एखादा तरी उगवतोच. बाहेर डांबर मऊ झालेलं, कूलरच्या टाकीत पाण्याचा थेंब नाही, पोट्टे ओले टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकलेले, आणि साहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत ब्लँकेटांचे गठ्ठे उतरवून घेताहेत. का? तर त्यांचा वाढदिवस मे महिन्यात येतो, आणि उन्हाळ्यात ब्लँकेटं घाऊक भावात स्वस्त पडतात. घ्या लेकरांनो, ऊब घ्या!

मी जिथं काम करते ते पोरांना कोंडून ठेवायचं ठिकाण आहे. कागदावर त्याचं नाव फार गोजिरं आहे. काळजी, संरक्षण, सगळं त्यात आलं. पोट्टे त्याला नुसतं 'अंदर' म्हणतात. पोलिसांनी पकडलेली, अठराच्या आतली मुलं. कुणी मोटारसायकल चोरलेली, कुणी चाकू चालवलेला, कुणी त्याहून वाईट काही केलेलं. मी तिथली मानसशास्त्रज्ञ. पोरांशी बोलायचं, आणि मग मंडळापुढे, म्हणजे या पोरांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या न्यायाधीश बाई आणि त्यांचे दोन सदस्य यांच्यापुढे, आपलं मत मांडायचं, एवढं माझं काम. बोलायला मला दिलेली खोली ही खरं तर कोठीची खोली. त्याच ब्लँकेटांच्या थप्प्यांत बसून मी गेली कित्येक वर्षं मन नावाची वस्तू हाताळते आहे.

तर दान. दान केलं म्हणजे फोटो आलाच. आणि इथं अडचण अशी, की आमच्या पोरांचे चेहरे कुठंही दाखवायचे नाहीत असा कायदा आहे. चांगला कायदा आहे. पोरगं सुटून गेल्यावर गावात कुणी बोट दाखवू नये म्हणून केलेला. पण आमचे अधीक्षक, त्यांना सगळे 'सर' म्हणतात, त्यांनी त्यातून मोठी युक्ती काढली. कुणी मोबाईल वर उचलला, की सर ओरडायचे, "पाठ!" की सगळे पोट्टे गर्रकन मागं फिरायचे, हात पाठीमागं बांधून, तोंड भिंतीकडे. पुढे खुर्च्यांवर दाते बसलेले, दात काढून हसताहेत, आणि मागं मुंडक्यांच्या रांगा. नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात त्याला हेच शिकवायचे. अंघोळीची वेळ त्याला नंतर कळायची, पाठ करणं आधी. पुढे पुढे सरांना ओरडावंही लागत नसे. मोबाईल हवेत दिसला की पोट्टे आपोआप फिरायचे. सर ह्याला शिस्त म्हणायचे.

केक भरवायचा कार्यक्रम तर पाहण्यासारखा. पोरगा दात्याकडे तोंड करून, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा. दात्याची नजर मात्र कॅमेऱ्यावर. मग केक जायचा कुठं? नाकात! एकदा एका बाईंनी अख्खा तुकडा एका पोराच्या कानात भरवला आणि तशाच हसत राहिल्या.

हे फोटो फ्रेम करून आमच्या व्हरांड्यात लावलेले आहेत. सगळ्या शहराचे प्रतिष्ठित चेहरे, आणि आमच्या पोरांच्या नुसत्या माना. पण पोट्टे हुशार. ते त्या फोटोंपुढे उभं राहून आपापली मान शोधायचे. "हे पाह्य, हा मी. कानामागं टाके हायेत." "चल बे, तो मी हावो." मानेवरचा तीळ, फाटकी कॉलर, डोक्यावरचा भोवरा, ह्यावरून भांडणं चालायची. माणसाला स्वतःला कुठंतरी पाहायचंच असतं, मग पाठमोरं का होईना.

मला दाते हटकून म्हणायचे, "मॅडम, जरा एक फोटो काढता का?" मी म्हणायची, "माझे हात खाली नाहीत." एकदा एक गृहस्थ म्हणाले, अहो, खालीच तर आहेत. मी म्हटलं, तुम्हाला तसं वाटतंय. सरांनी मला नंतर बोलावून समज दिली. मीही त्यांना स्पष्टच सांगितलं, की ह्या जन्मात पाठीचा फोटो मी काढणार नाही, काय करायचं ते करा. त्यांनी काही केलं नाही. माझ्या पगारात दुसरी बाई मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

ह्या सगळ्यात तो पोरगा आला. पारशिवनीकडचा. सतरा चालू होतं, पण अंगानं पंधराचा वाटायचा. भिवापूरची मिरची कळमन्याच्या बाजारात आणणाऱ्या एका ट्रकवर क्लीनर होता. ट्रकच्या ड्रायव्हरला त्यानं टॉमीनं, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, डोक्यात मारलं, आणि ड्रायव्हर मेला. मारलं त्यानं, खोटं कशाला बोलू? ड्रायव्हर पट्ट्यानं बडवायचा, आईवरून शिव्या द्यायचा, हे खरं. पण मेलेला माणूस मेला, त्याचीही बायको आहे, हेही खरं. मला गोष्ट गोड करून सांगता येत नाही.

प्रश्न असा होता. सोळाच्या वरच्या पोरावर खुनाचा आरोप असेल, तर मंडळाला ठरवावं लागतं, की ह्याचा खटला मोठ्या माणसासारखा मोठ्या कोर्टात चालवायचा, की ह्याला पोर समजून इथंच ठेवायचं. मोठ्या कोर्टात गेला, तर पुढची सगळी जवानी तुरुंगात जाऊ शकते. इथं राहिला, तर कधीतरी घरी जाण्याची आशा. आई शेतात मजुरी करणारी, बाप कधीचा गेलेला. ती दर भेटीला यायची, जाळीपलीकडून त्याच्याकडे पाहायची आणि मला एकच विचारायची, "मॅडम, घरी येईन ना वं माहा पोट्टा?" तिच्यासाठी आणि त्याच्यासाठी सगळं त्या एका निर्णयावर लटकलेलं होतं.

मी आमच्या चाचण्या काढल्या. त्या चाचण्यांचं काय सांगू! कुठल्यातरी थंड देशात कुणीतरी लिहिल्या, आणि इथं कुणीतरी शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांचं मराठी केलं. 'सामाजिक मेळाव्यांमध्ये आपण स्वतःहून पुढाकार घेता काय?' मी वाचलं. पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, "लग्नात पंगत वाढतो मी. बुंदी माह्याच हातात देते." लिहा आता ह्याला गुण! मी चाचणी मिटवून ठेवली आणि त्याला ब्लँकेटांच्या घड्या घालायला लावल्या. हात कामात असले की पोट्टे बोलतात, एवढं मला ह्या धंद्यानं शिकवलं आहे, पुस्तकानं नाही.

तरी तो कितीतरी दिवस बोलला नाही. घडी घालायचा, थप्पीवर ठेवायचा. रडायचाही नाही. आणि एक दिवस घडी घालता घालताच म्हणाला, "मॅडम, त्याचा डबा गाडीतच राह्यला असन."

"कुणाचा?"

"डायवरचा. केबिनमंधी लटकून होता. त्याची बायको लय चांगली भाजी करे. भरल्या वांग्याची. मले बी देत होता तो अर्धी. मारे बी तोच अन् खाऊ बी तोच घाले." मग म्हणाला, "त्या दिशी आमी जेवलोच नव्हतो ना. तिनं डबा खोलला असन, तं भाजी तशीच भरून भेटली असन तिले."

एवढं बोलून तो पुन्हा घडी घालायला लागला, आणि ती घडी त्याला जमेना. मीच त्याच्या हातातून ब्लँकेट काढून घेतलं. मला त्या वेळी रडू आलं, हे लपवून काय करू? त्या पोराला आपण काय केलं ते पुरतं कळलं होतं.

मी मंडळाला तसं लिहिलं. पण मंडळाला एकट्या माझ्यावर विसंबायचं नव्हतं, बाहेरच्या तज्ज्ञाचंही मत हवं होतं. ठीक आहे, हवं तर हवं. आमच्या घरी माझ्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले देव सोडले आणि त्या फळीवर पुस्तकं मांडली. त्यामुळे शिकलेल्या माणसाबद्दल आम्हाला लहानपणापासून भलताच आदर. तो आदर ह्या नोकरीनं माझ्यातून पार धुऊन काढला.

तज्ज्ञ आले. नावामागं डॉक्टर, नावापुढे पदव्यांची शेपटी. शाळा-कॉलेजांत 'मनाची मशागत' ह्यावर भाषणं देणारे. अंगाला अत्तराचा वास, बोलणं संथ, प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी जागा सोडलेली. मला म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर थांबा. तुमची भावनिक गुंतवणूक झालेली दिसते." मी बाहेर थांबले. दार लागलं आणि चहाचा कप गार व्हायच्या आत उघडलंही. एका पोराचं अख्खं आयुष्य तेवढ्यात मोजून झालं होतं!

सुनावणीच्या दिवशी त्यांचं मत वाचून दाखवलं गेलं. मुलगा उद्धट आहे. मुलाखतीच्या सुरुवातीलाच त्यानं तज्ज्ञाकडे पाठ फिरवली. वारंवार सांगूनही तो पुन्हा पुन्हा पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पश्चात्तापाचा लवलेश नाही, अधिकाराबद्दल तुच्छता, प्रौढ गुन्हेगाराची मानसिकता. खटला मोठ्या कोर्टात चालवणं योग्य.

मला काही समजेना. माझ्यापुढे मान वर न करणारा हा पोरगा एका अनोळखी माणसाला पाठ दाखवेल? मंडळानं दुपारनंतर पुढचं ऐकू म्हणून थोडा वेळ दिला. मी त्याला बाहेरच्या बाकावर गाठलं. "काय केलंस रे त्या दिवशी? काहून पाठ केलीस त्यांच्याकडे?"

"त्यायनं फोन काहाडला ना," तो म्हणाला.

"कसला फोन?"

"फोन वर केला. शूटिंग करतो म्हणे, तुही देहबोली पाहाची हाय म्हणे. मंग मी पाठ केली. सरायनं सांगतलं हाय ना. मंग ते म्हणे, तोंड इकडं कर. मी केलं. तं त्यायनं अजून फोन वर केला." तो खरोखर गोंधळला होता. "मले समजेच ना मॅडम, काय करू. त्यायनं इचारलं ते समदं भिंतीकडे तोंड करून सांगतलं मी. डब्याचं बी सांगतलं. त्यायले आयकूच नाही आलं का?"

अगं माय गं! माझ्या डोक्यात असा जाळ झाला, की समोर ते तज्ज्ञ दिसले असते तर त्यांची देहबोली मीच बदलली असती. पोरगं भिंतीला आपलं काळीज उघडून सांगतंय, आणि हा उंटावरचा शहाणा त्याची पाठ बघून 'तुच्छता' लिहितोय! अहो, कुठं आलो आहोत, इथली पोरं कशी वागतात, कुणाला तरी विचारावं. तोंड कशाला दिलंय? पण विचारायला कमीपणा वाटतो. पदवी घेतली की माणसाला प्रश्न पडायचे बंद होतात बहुतेक.

दुपारी आम्ही पुन्हा आत गेलो. न्यायाधीश बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, पण ऐकून घेणाऱ्या. मी म्हटलं, "मॅडम, मला बोलायचं नाही, फक्त एक दाखवायचं आहे. परवानगी द्या." त्यांनी मान हलवली. मी पर्समधून मोबाईल काढला आणि नुसता वर उचलला.

पोरगा गर्रकन फिरला. हात पाठीमागं, तोंड भिंतीकडे. आणि खोलीच्या कोपऱ्यात आमचे सर होते, ते चक्क खुशीत आले. "बघा मॅडम, आमच्याकडची शिस्त!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला हसावं की त्यांच्या डोक्यात तो मोबाईल घालावा, कळेना.

मी फोन खाली केला, पोरगा फिरला. वर केला, पुन्हा पाठ. "मुलाखतभर त्या साहेबांचा फोन वर होता," मी म्हटलं. "हा पोरगा उद्धट नाही. ह्याला आमच्याकडे दात्यांच्या वाढदिवसांच्या फोटोंसाठी असा तयार केलेला आहे."

तज्ज्ञांनी घसा खाकरला. देहबोलीचा अभ्यास चलचित्राशिवाय होत नाही, असं काहीसं ते म्हणाले, पण टाळ्यांच्या जागा चुकल्या. न्यायाधीश बाईंनी आपला फोन उलटा करून टेबलाच्या खणात टाकला, इतरांनाही तसंच करायला लावलं, आणि पोराला म्हणाल्या, "बाळा, आता फोन नाही. माझ्याकडे बघून सांग, काय सांगायचं ते."

त्यानं सांगितलं. डब्याचं, भरल्या वांग्याचं, न जेवल्याचं. मारलं कसं तेही सांगितलं, काही राखलं नाही. शेवटी विचारलं, "त्याच्या बायकोले कोणी सांगतलं का, की आमी त्या दिशी जेवलो नव्हतो म्हून डबा भरला होता? नाही तं तिले वाटन, त्याले भाजी आवडली नाही."

खटला मंडळापुढेच राहिला. मोठ्या कोर्टात गेला नाही. पुढच्या एका तारखेला जामीनही झाला, अट अशी की आईबरोबर मामाच्या गावी राहायचं आणि प्रत्येक तारखेला हजर व्हायचं. तज्ज्ञांचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. त्यांची भाषणं जोरात चालू आहेत. पालथ्या घड्यावर पाणी.

आई त्याला न्यायला आली ती शेजारणीचा मोबाईल मागून घेऊन. मी दोघांना फाटकाबाहेर सोडायला गेले. ऊन होतं, रस्त्यावर निंबाची सावली होती, त्या सावलीत ती थांबली. "थांब बाबू, मामाले फोटो धाडतो. तो सकाळपासून वाट पाहून राह्यला." आणि तिनं फोन वर उचलला.

तो फिरला. हात पाठीमागं, तोंड फाटकाकडे.

"इकडं पाह्य ना बाबू." तो वळला, हसला. तिनं फोन उचलला, की पुन्हा पाठ.

मी ओरडलेच, "अरे भैताडा, आता बाहेर आलास! ही तुझी माय आहे, दाता नाही!"

"मालूम हाय मॅडम," तो भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. "होऊनच जाते."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि वळसा घालून त्याच्या तोंडासमोर गेले. तो तिकडून फिरला. मी इकडून आले, तो तिकडे. भर रस्त्यात पिकल्या केसांची बाई एका पोराभोवती गोल गोल फिरतेय, जाणारेयेणारे स्कूटर हळू करून पाहताहेत. शेवटी मीच दमले. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. त्याला करायचं नव्हतं, तरी होत होतं.

"राहू द्या मॅडम," आई म्हणाली. "लाज वाटत असन त्याले. केलं बी तसंच हाय त्यानं."

"लाज नाही हो बाई! त्याला सवय लावली आहे आम्ही, घाणेरडी सवय."

तिनं माझं ऐकलं की नाही कोण जाणे. ती त्याच्याकडे गेली. त्याच्याशेजारी, त्याच्यासारखीच, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि मागं न वळता म्हणाली, "तो असा, तं मी बी अशीच. काढा तुमी."

सगळ्या शहराच्या प्रतिष्ठितांना मी नाही म्हटलं होतं. आत्ता माझ्या तोंडून नाही निघेना. मी फोन उचलला आणि काढला.

तिनं तो फोन डोळ्यांजवळ नेला, बोटांनी त्याचं डोकं मोठं करून पाहिलं. "दोन भोवरे," ती म्हणाली. "माहाच हाय." आणि तो फोटो तिनं मामाला पाठवून दिला.